कडेची झाडं

आमच्या घरात सर्दी कोणाला झाली आहे हे ओळखू यायचं नाही, कारण बारा महिने सगळेच शिंकत असायचो. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांना एक अरुंद गॅलरी होती. लोकांच्या गॅलरीत साड्या आणि टॉवेल वाळतात, आमच्या गॅलरीत मिरच्या वाळायच्या. सुपात, कागदी पिशव्यांत, जुन्या वर्तमानपत्रांवर, आणि प्रत्येक ढिगाखाली नंबराची चिठ्ठी. वाऱ्याची झुळूक आली की आधी आई शिंकायची, मग ताई, मग मी, आणि शेवटी भिंतीपलीकडून शेजारच्या काकू. शिंकून झाल्यावर त्या मोठ्यांदा म्हणायच्या, "झाली का तुमची आरती सुरू!" नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मात्र कधी शिंक आली नाही. मिरचीनं त्यांना आयुष्यात काही केलं नाही. जे काही सोसायचं ते आम्हीच सोसलं.

नाना मिरचीचे पैदासकार होते. हा शब्द मी एकदाच, शाळेत, वडील काय करतात या प्रश्नाच्या उत्तरात वापरला आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. बाकी सगळ्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या कारखान्यात फिटर नाहीतर टर्नर होते. तेव्हापासून मीही "कंपनीत आहेत" असं सांगू लागले. ते खोटं नव्हतं. कंपनी बियाण्यांची होती, चाकणच्या पुढे तिचं संशोधनाचं शेत होतं, आणि नाना तिथे मिरचीचे नवे वाण तयार करायचे. आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. आईची बोली शेवटपर्यंत तिकडचीच राहिली. "काय करू राहिली गं?" असं तिनं ओट्यावरून विचारलं की मैत्रिणी गालात हसायच्या. घड्याळ आमच्याकडे होतं, पण घर चालायचं ते कारखान्यांच्या भोंग्यांवर. एका भोंग्याला दूध तापायचं, दुसऱ्याला नाना जीपसाठी कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे, आणि संध्याकाळच्या भोंग्याला आई खलबत्ता काढायची.

संध्याकाळी चव घ्यायचा कार्यक्रम असे. नानांनी आणलेल्या प्रत्येक नंबराच्या मिरचीचा आई वेगळा ठेचा करायची. मिरची, मीठ, तेलाचे चार थेंब, दुसरं काही नाही. लहान लहान वाट्या ओळीनं मांडल्या जात, शेजारी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीची चवड आणि ताकाचा तांब्या. आम्ही एकेक घास घ्यायचा, ताक प्यायचं, दुसरा घास घ्यायचा. नाना समोर पाटावर बसून विचारत, "जिभेच्या टोकाला लागतं की घशात? लगेच की मागाहून?" आणि आम्ही दहापैकी मार्क द्यायचे. शाळेत मला मार्क कमीच पडत, पण मिरचीला मार्क देण्यात माझा हात कोणी धरत नसे. नाना म्हणायचे, "धाकटीची जीभ पक्की आहे." त्यांनी माझ्या जिभेचं केलेलं हे एकमेव कौतुक. पुढे तीच जीभ त्यांना नकोशी झाली.

जेवताना ते बोलत ते मिरचीवरच, आणि मी ते कान देऊन ऐकत असे, हे आज कबूल करायला मला जड जातं. ते म्हणायचे, "लांबी वाढली की झाडाला फळं कमी लागतात. फळं भरपूर लागली की ती आखूड होतात. देव एका झाडाला सगळं देत नाही. एक गुण धरून ओढला की दुसरा त्याच्यामागून येतो, नाहीतर हातातून सुटतो. याला सहसंबंध म्हणतात." मग भाकरीचा तुकडा मोडून म्हणायचे, "आणि सगळी झाडं सारखीच असतील तर निवडणार काय? विविधता हीच आपली पुंजी. रानात जितके वेगळे नमुने तितका पैदासकार श्रीमंत." माणूस किती मोकळ्या मनाचा, असं मला वाटायचं. आपले वडील इतर वडिलांसारखे नाहीत, याचा मला अभिमान होता.

तोडणीच्या हंगामात रविवारी ते ताईला आणि मला शेतावर नेत. तेव्हा चाकणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कांदा आणि बटाटा होता, आणि जीप भरधाव जायची. परवा मी त्याच रस्त्यानं टॅक्सीतून गेले. कंटेनरच्या रांगेत इतका वेळ अडकून पडले की ड्रायव्हर एक डुलकी काढून उठला. शेताच्या जागी आता निळ्या पत्र्याच्या शेड आहेत, गाड्यांच्या सीट बनतात म्हणे. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

ताईचं नाव विद्या. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला, शांत, लांब वेणीची, आणि हस्ताक्षर छापल्यासारखं. शेतावर आमचं काम मोजणीचं. झाडाची उंची, फांद्या, फळं किती, फळाची लांबी, जाडी. एकानं पट्टी लावून आकडा सांगायचा, दुसऱ्यानं तो मोठ्यांदा परत म्हणून लिहायचा, म्हणजे चूक होत नाही. ताई आकडा सांगायची आणि लिहून घ्यायचा दत्ता. दत्ता नानांच्या हाताखाली सहायक होता, तिथल्याच गावचा, शेतीची पदवी घेतलेला. नाना उठताबसता त्याचं नाव घेत. रविवारी मोजणी उरकली की त्याला आमच्याबरोबर घरी जेवायला आणत, आणि आई त्याला आग्रह करकरून वांग्याचं भरीत वाढायची. त्याची आई हौसाबाई शेतावरच संकर करणाऱ्या बायकांच्या टोळीत होती. या बायका न उमललेल्या कळीतला नराचा भाग चिमट्यानं काढून टाकत, तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावत आणि देठाला लोकरीचा धागा बांधत. त्या धाग्यावरून कळायचं की हे फळ दोन वेगळ्या वाणांचं लेकरू आहे.

ताई आणि दत्ता एकमेकांशी काय बोलत असतील असं मला कोणी विचारलं, तर मी सांगेन की सेंटिमीटर. "नऊ पॉइंट चार," ताई म्हणायची. "नऊ पॉइंट चार," तो म्हणायचा. दुसरं काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण ताईचा "नऊ" हळूहळू मऊ होत गेला आणि दत्ताचा "पॉइंट चार" लांबत गेला, आणि मी काही दुधखुळी नव्हते. मी दोन झाडं पलीकडे फांद्या मोजत बसायचे आणि मान वर करायची नाही. मला ते दोघं फार आवडत होते.

मोजणीचा एक नियम नानांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता: कडेची झाडं मोजायची नाहीत. प्लॉटच्या कडेच्या झाडाला शेजारी कमी, म्हणून ऊन, पाणी, खत सगळंच जास्त मिळतं. ते उंच होतं, त्याला फळंही जास्त आणि फळं लांबही. त्यात त्या वाणाचं कर्तृत्व काही नसतं, जागेचं असतं. मोजायचं ते आतल्या झाडांना, आणि मोजलेल्या झाडाला ताईनं नंबर लिहिलेला कागदी टॅग बांधायचा. पण प्रत्येक प्लॉटच्या चारी बाजूंनी, कीड अडवायला, एक पायवाट सोडून दाट मका पेरलेला असे. पुरुषभर उंच. प्लॉटच्या मधोमध उभं राहिलं तर ऑफिसच्या उंचावरच्या पडवीतून सगळं दिसायचं, आणि मक्याच्या कडेला उभं राहिलं तर काही म्हणजे काही दिसायचं नाही.

त्या हंगामाची आकडेमोड नानांनी केली आणि ते अक्षरशः नाचले. इतकी वर्षं लांबी आणि फळांची संख्या यांचं जे वाकडं होतं, ते या वेळी सुटलं होतं. लांबी वाढत होती तशी संख्याही वाढत होती. येताना ते आकुर्डीहून जिलबी घेऊन आले. आईला, जिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, समोर बसवून सांगू लागले, "जे कोणाला जमलं नाही ते माझ्या शेतात झालंय! गाठ सुटली गाठ!" आई म्हणाली, "बरं झालं, आता हात धुवून बसा." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वरच्या साहेबांना सांगितलं, साहेबांनी मुंबईच्या मोठ्या साहेबांना. ताईनं जिलबीला हात लावला नाही. मला त्याचं कारण तेव्हा कळलं नाही, नाहीतर मीही लावला नसता.

पुढच्या रविवारी नाना ती झाडं डोळ्यांनी बघायला निघाले. आम्ही दोघी मागून. दत्ता समोरून आला आणि नानांना बघून थांबला. नाना आतल्या ओळींमधून टॅग शोधत चालले होते. टॅग अधूनमधूनच होते. मग ते कडेला आले. मक्याच्या बाजूनं, सबंध कडेनं, पांढरे टॅग हलत होते. प्रत्येक प्लॉटातले निम्मेअधिक टॅग कडेच्या झाडांना. गाठ सुटली नव्हती, जागेचं कर्तृत्व मोजलं गेलं होतं. नानांनी एक टॅग हातात धरला, अक्षर पाहिलं, छापल्यासारखं. "दत्ता, कडेचं झाड का घेतलं?" जवळच कळ्या फोडत असलेली हौसाबाई घाईनं म्हणाली, "उनाचं पोरास्नी तरास व्हतोय साहेब. हितं मक्याची सावली हाय." नानांनी मक्याकडे पाहिलं, मग ऑफिसच्या पडवीकडे, आणि मग ताईकडे. ताईच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. दुसऱ्या घरात मुलीचं गुपित चिठ्ठीनं फुटतं, नाहीतर शेजारणीच्या तोंडून. आमच्या घरात ते सहसंबंधानं फुटलं.

नानांना मुलीच्या प्रेमाचा राग किती आला होता आणि साहेबांपुढे तोंडघशी पडल्याचा किती, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. दोन्ही राग एकमेकांना धरून वाढले एवढं खरं. त्यातला एकच असता तर कदाचित पुढचं टळलं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत असे. आता नाही वाटत.

आठवड्यानं हौसाबाई आणि दत्ता आमच्या घरी आले. हौसाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि घरच्या बटाट्यांची पिशवी आणली होती. आईनं चहा टाकला. हौसाबाई खुर्चीवर बसली नाही, सतरंजीवर बसली, पण बोलली ती खुर्चीत बसल्यासारखं. "साहेब, आमी मोठी मानसं न्हाई, पर कुनाची मिंधीबी न्हाई. पोरगा शिकलाय, तुमीच त्येला हुशार म्हनता. दोघांच्या मनात हाय. आपुन मोठ्यांनी आडवं कशापायी यायचं?"

नाना शांतपणे म्हणाले, "हौसाबाई, जात वेगळी आहे."

"व्हय, हाय. ती हाय म्हनून तर चालत आलो, न्हाईतर सांगावा धाडला असता."

"माझ्या घरात भेसळ चालणार नाही," नाना म्हणाले.

भेसळ हा शब्द दुधातुपाला सगळेच वापरतात. पण बियाण्याच्या शेतात त्याचा अर्थ वेगळा आहे. एका वाणाच्या प्लॉटात दुसऱ्या वाणाचं झाड उगवलं की त्याला भेसळ म्हणतात, आणि फुलायच्या आत ते मुळासकट उपटून बांधावर फेकतात. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला तो अर्थ माहीत होता. उपटायचं काम हौसाबाईच्याच टोळीचं असे. तिनं पदर सारखा केला आणि चहाचा कप, न पिता, पुढे सरकवला.

मी दारात उभी होते. माझ्या तोंडून गेलं, "नाना, तुम्ही तर जन्मभर क्रॉसच करत आलात! विविधता ही पुंजी म्हणता ना?" ते उठले आणि माझ्या कानशिलात अशी बसली की भोंगा झाल्यासारखं वाजलं. "ती मिरची आहे," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आलेल्या ताईकडे बोट करून म्हणाले, "तू आत जा. तुझं इथं काही काम नाही." ताई आत गेली. दत्ता उठला, "येतो साहेब" म्हणाला, आणि हौसाबाईला हात धरून घेऊन गेला. तो आत बघेल असं मला वाटलं होतं. त्यानं बघितलं नाही.

बटाट्यांची पिशवी राहिली. नाना म्हणाले, फेकून द्या. आई म्हणाली, "अन्न हाये, फेकू कशी?" आणि मग आठवडाभर आम्ही बटाटे खाल्ले. रस्सा, काचऱ्या, उकडून, परतून. ताईसुद्धा खायची, मान खाली घालून. एकदा मी आईला म्हटलं, तू तरी बोल ना. तिनं कढईतून नजर वर केली नाही. "मी काय बोलू? माझं कोणी ऐकू राहिलं का या घरात कधी?" महिन्याभरात दत्ताची बदली दुसऱ्या राज्यातल्या शेतावर झाली आणि हौसाबाईला टोळीत पुन्हा बोलावलं गेलं नाही. दत्तानं ती नोकरी पुढे सोडली. आज तो कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. तेवढं तरी त्याचं त्याच्यापाशी राहू दे.

ताईसाठी स्थळं पाहायला नाना बसले ते प्रयोगाला बसावेत तसे. जात, उंची, शिक्षण, घर, सरकारी नोकरी, व्यसन नाही, पत्रिका जुळते. ज्या माणसानं सबंध हयात एकाच गोष्टीत घालवली, की आपल्याला हवे ते गुण एका झाडावर आपोआप एकत्र येत नाहीत, त्यानं गृहीत धरलं की चांगल्या घराबरोबर चांगला स्वभाव येणारच. उंची मोजता येते, पगार मोजता येतो, म्हणून मोजला. मोजता न येणारं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. जळगावकडचा एक इंजिनिअर सगळ्यांत उजवा ठरला. तो मारकुटा नव्हता. एवढंच त्याच्याबद्दल बरं सांगता येतं. तो बोलायचाच नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर महिनामहिना अबोला. ताईनं नोकरी करायची नाही, शेजारी जायचं नाही, माहेरी दिवाळीखेरीज यायचं नाही. ती यायची तेव्हा मी तिला खोदून खोदून विचारायचे आणि ती म्हणायची, "बरं आहे गं." तिचं अक्षर बिघडत गेलं. किराण्याच्या यादीपलीकडे ती कधी काही लिहीत नव्हती, म्हणून असेल.

नाना तोवर निवृत्त झाले, आई गेली, कारखाने चाकणच्याही पुढे सरकले. मग ताईच्या मुलीनं, मनूनं, हिंजवडीच्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. जात वेगळी, भाषाही वेगळी. तिचे वडील नेहमीप्रमाणे अबोल झाले. तेव्हा ताईनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. कसा ते मला पाहायला मिळालं नाही, मनूनं सांगितलं. "मावशी, आईनं पप्पांना सांगितलं, तुम्ही बोला नाहीतर नका बोलू, लग्न होणार." आकुर्डीतल्या एका कार्यालयात ते झालं. व्हीलचेअरवर नानांना आणलं होतं, फेटा बांधून. जेवणाआधी कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. नाना खणखणीत आवाजात म्हणाले, "मी जन्मभर मिरचीचे संकर केले. अनुभवानं सांगतो, संकराचं झाड नेहमी जोमदार निघतं!" हॉल हसला. टाळ्या वाजल्या. मुलाकडच्या लोकांनी येऊन त्यांच्या पाया पडून घेतलं. कुणीतरी मला म्हणालं, या वयात किती पुढारलेले विचार, भाग्यवान आहात.

ताई त्यांच्या शेजारी बसून त्यांना भरवत होती. मी पलीकडच्या खुर्चीवर. तिनं वरणभाताचा घास कालवता कालवता, अगदी सहज, औषध घेतलं का असं विचारावं तसं विचारलं, "नाना, माझ्या वेळी का नाही असं म्हणालात?"

त्यांनी घास गिळला, विचार केला. खोटं बोलणाऱ्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. त्यांना खरोखरच तसं आठवत होतं. "तू कुठं काही म्हणालीस?" ते म्हणाले. "एकदा जरी हट्ट धरला असतास, तर मी काय नाही म्हणणार होतो?"

माझा हात उचलला गेला होता, कशासाठी ते मलाही माहीत नाही. ताईनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून टेबलाखाली दाबून ठेवलं. घट्ट. मग तिनं पुढचा घास कालवला, त्यांच्या हनुवटीवर सांडलेला भात पुसला, आणि विचारलं, "लिंबू पिळू का थोडं?"

नाना पुढच्याच वर्षी गेले. ताई खूप रडली, तिला दोघींनी धरून बसवावं लागलं. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.